शेजारचा ब्रेक

तिच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारच्या सीटवर, तिच्या पायाखाली. त्या दुसऱ्या ब्रेकच्या जोरावर तिने चौदा वर्षं लोकांना गाडी शिकवली. घामाने निथळणारे नवरे, स्टिअरिंगला मगरमिठी मारणाऱ्या सासवा, आरशात स्वतःचे केस बघणारी कॉलेजची पोरं, सगळे तिच्या हाताखालून गेले, आणि गाडीला अजून साधा ओरखडा नव्हता. लोक तिला उस्तादबाई म्हणत. ती हसून सोडून देई. पण नाव आवडत नव्हतं असं काही नाही.

घरी लेक होती, आठ वर्षांची. बाप चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, म्हणून शेजारीपाजारी म्हणत, भिंगवाल्याची भिंगरी. खरं कारण वेगळं होतं. पोर एका जागी म्हणून ठरत नसे. फक्त संध्याकाळी सहा ते साडेसहा ती टेबलाशी बसे, आणि तेव्हा उस्तादबाई शेजारची खुर्ची ओढून बसे. हाताची घडी, तोंडाला कुलूप.

शाळेच्या फाटकाशी इतर आया रडगाणं गात. "आमच्याकडे अभ्यास म्हणजे रोजचं युद्ध हो! शेवटी मीच लिहून देते आणि मोकळी होते."

उस्तादबाई शांतपणे म्हणे, "मी एक अक्षर सांगत नाही. नुसती शेजारी बसते. पोर आपली आपण करते."

आणि हे खोटं नव्हतं. भिंगरीच्या गृहपाठाची वही बघावी तर पानं कशी आरशासारखी, चूक औषधालाही सापडायची नाही.

म्हणून वर्गशिक्षिका बाईंनी उस्तादबाईला एका दुपारी बोलावून घेतलं, तेव्हा ती कौतुक ऐकायच्या तयारीनेच गेली. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. बाईंनी दोन वह्या पुढ्यात ठेवल्या, एक घरची, एक वर्गातली.

"एकच प्रकारची गणितं आहेत," बाई म्हणाल्या. "घरी दहापैकी दहा. वर्गात बघा."

वर्गातल्या वहीत गणितं उतरवून घेतलेली होती, सुबक अक्षरात. उत्तरांच्या जागा कोऱ्या. पानामागून पान कोरं.

"ती चुकत नाही हो," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "चुकली असती तर मी शिकवलं असतं. ती लिहीतच नाही. पेन्सिल टेकवते, थांबते, बाकाखाली बघते, आणि बसून राहते. घरी कोण करून देतं?"

"कोणीही नाही!" उस्तादबाईचा आवाज नको तितका चढला. "देवाशपथ सांगते, मी तिच्या पेन्सिलला बोटसुद्धा लावत नाही."

"मी आरोप करत नाही, ताई. पण पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, वर्गात एक चाचणी आहे. त्यातही पान कोरं राहिलं तर तिला मदतवर्गात बसवावं लागेल. वेगळी खोली, शेजारी मदतनीस बाई. वाईट काही नाही त्यात. ज्यांना गरज आहे त्यांना फार उपयोग होतो. पण मला वाटतं, हिला शेजारी आणखी एक माणूस देणं म्हणजे रोग वाढवणं. तुम्हाला काय वाटतं?"

उस्तादबाईने दोन्ही वह्या मिटून परत केल्या. बाहेर आली तर भिंगरी दप्तर पायाशी टाकून उभी होती.

"आई, मला वेगळ्या खोलीत टाकणार?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. तिकडे गेलं की बाकावरची मैत्रीण बदलते." आणि मग खालच्या आवाजात, "आई, मला नाही जायचं."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चष्मा कपाळावर चढवून ऐकत होता.

"अहो, मी काय करते सांगा? पुतळ्यासारखी तर बसते!"

"बसतेस खरी," तो म्हणाला. "पण उस्तादबाईचा पुतळा आहे तो. पुतळ्याच्या डोळ्यांत सुद्धा धाक असेल."

"चेष्टा सुचते तुम्हाला!"

"चेष्टा नाही गं. एवढंच म्हणतो, पोर मुद्दाम करत नसणार. काहीतरी आहे, ते आपल्याला दिसत नाही."

दिवसभर काचा घासणाऱ्या माणसालाही दिसत नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी एका शिंप्याने दाखवलं.

शिंपीकाका साठीला टेकलेले. कोट शिवण्यात हयात गेलेली. उस्तादबाईच्या गाडीत ते असे चालवत की बघत राहावं. पण लायसन्सच्या ट्रायलला आरटीओच्या साहेबांशेजारी बसले की गाडी बोंबलायची. त्या सकाळी ते तिसऱ्यांदा नापास होऊन आले.

"काका, झालं काय?" तिने विचारलं. "काल याच वळणावर तुम्ही लोण्यातून सुरी फिरवावी तशी गाडी काढलीत."

"साहेबांचा पाय दिसेना," काका खजील होऊन म्हणाले.

"साहेबांच्या पायाशी तुमचं काय काम?"

"म्हणजे काय, मॅडम? तुमचा गुडघा जरा वर झाला की मी समजतो, आता ब्रेक. पाय खाली टेकला की समजतो, रस्ता मोकळा. मापं घेऊन घेऊन नजर तशीच झाली, बघा. माणसाचा गुडघा, खांदा, कोपर आधी दिसतं. रस्ता नंतर." त्यांनी तिच्याकडे भाबडेपणाने बघितलं. "मला वाटलं, तीच तुमची पद्धत. साहेबांनी मात्र पाय पोटाशी घेतलेले, अगदी मांजरासारखे. मी कशाच्या भरवशावर चालवू?"

उस्तादबाईने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. पोर बाकाखाली बघते, हे बाईंचं वाक्य तिच्या कानात वाजत होतं.

संध्याकाळी सहाला भिंगरी वही उघडून बसली. आई शेजारी बसली, रोजच्यासारखी. फरक एवढाच की आज तिची नजर वहीवर नव्हती. स्वतःच्या पायावर होती.

पहिलं गणित, एकसष्टातून सत्तावीस. एकमधून सात जात नाहीत. भिंगरीची पेन्सिल सातातून एक अशा उलट्या वजाबाकीकडे, सहाकडे वळायला लागली. आणि उस्तादबाईच्या डोळ्यांदेखत तिचा उजवा पाय, तिला न विचारता, फरशीवर दाबला गेला. अगदी थोडा. समोर कुत्रं आडवं आल्यावर दाबतात तसा.

पेन्सिल जागच्या जागी थांबली. भिंगरीने हातचा घेतला आणि चार लिहिला. पाय सैल झाला. पेन्सिल पुढे गेली.

तरी खात्री करायला हवी होती. तिसरं गणित होतं चौऱ्याहत्तरातून अडतीस. भिंगरीने या वेळी नीट हातचा घेतला, बोटांवर मोजलं, छत्तीस लिहिलं. अगदी बरोबर. आणि आईने मुद्दाम पाय दाबला.

भिंगरीने खोडरबर उचललं आणि छत्तीस पुसून टाकलं.

"अगं, का पुसलंस? बरोबर होतं की!"

भिंगरी गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. "मग तू ब्रेक का दाबलास?"

तिच्या आवाजात लबाडी नव्हती. आई शेजारी बसते ती ब्रेक दाबायलाच बसते, असं पोर धरून चालली होती, जशी शिंपीकाका धरून चालले होते. दोघांनीही तिला फसवलं नव्हतं. चौदा वर्षं जो पाय तिने देवासारखा जपला, तोच पाय घरी येऊन पोरीची गणितं करत होता. आणि फाटकाशी उभं राहून आपण काय काय बोललो! तिचे कान तापले.

पण उस्तादबाई रडत बसणाऱ्यांतली नव्हती. गाडी खड्ड्यात गेली तर आधी बाहेर काढायची, दोष कुणाचा ते मग. तिने ठरवलं, पायाला सुटी.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीवर मांडी घालून बसली. दोन गणितं झाली आणि भिंगरीने तिसऱ्याला खोडरबर घेतलं.

"आता काय?" आई म्हणाली. "पाय तर वर आहेत."

"तू श्वास धरलास."

तिसऱ्या दिवशी ती पाठ करून बसली. भिंगरी दर गणिताला विचारू लागली, "आई, बरोबर ना? आई, बघ ना. आई, नुसतं हो म्हण." नाही म्हटलं तर प्रश्न, गप्प बसलं तर गप्प बसण्याचाही अर्थ. नवरा दारातून म्हणाला, "तुझी पाठसुद्धा बोलते गं. काय करणार!"

शेवटी तिने सकाळी हात जोडून डोळे मिटले आणि मनाशी नेम धरला. सहा ते साडेसहा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. वहीवर सही करायची, पण चूक दिसली तरी खोडायची नाही, सांगायची नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. तोंडाला, हाताला, पायाला एकच नेम. नेम धरायला एक क्षण पुरतो. मोडायची संधी मात्र रोज, वेळेवर चालून येते.

पहिल्याच दिवशी आली. वही सहीला समोर आली तर दहात पाच चुका, त्याही अशा ढोबळ की आंधळ्याला दिसाव्यात. तिचा हात शिवशिवला. खोडरबर तिथेच पडलेलं होतं.

"अगं, एक तरी सांगून टाक," नवरा कुजबुजला. "शाळेत हसतील पोरीला."

"हसू देत. बाईंना चुका दिसल्याशिवाय त्या शिकवणार काय? आजवर आपण त्यांना आरसा पाठवत होतो, त्यात पोर दिसतच नव्हती."

तिने सही केली. सही जरा वाकडी आली, एवढंच.

बाईंनी त्या पाच चुकांखाली लाल रेघ मारून लिहिलं, "छान. आता मला दिसलं." आणि भिंगरीला मधल्या सुटीत बसवून काड्यांच्या जुड्या सोडून हातचा पुन्हा समजावला.

पण संध्याकाळी टेबलापाशी हुंदके ऐकू आले. उस्तादबाई स्वयंपाकघरात भांडं घासत होती. तेच भांडं ती तिसऱ्यांदा घासत होती. साडेसहा होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग गेली.

"तू माझ्यावर रागावलीस," भिंगरी नाक पुसत म्हणाली. "म्हणून बसत नाहीस."

"मी तुझ्यावर रागावले नाही. माझ्या पायावर रागावले."

भिंगरी रडता रडता हसली. "पण मग मला कळणार कसं? बरोबर आहे की चुकलंय, कोण सांगणार?"

हा प्रश्न मात्र खरा होता. उस्तादबाईने तिचा हात धरला आणि वहीसकट तिला खाली, उभ्या असलेल्या गाडीत नेलं. स्टिअरिंगपुढे बसवलं. पोरीचे पाय ब्रेकपर्यंत पोचतही नव्हते.

"मागे काय आहे ते सांग. मान वळवायची नाही."

भिंगरीने वरच्या आरशात पाहिलं. "सायकल आहे. आणि बाबा. बाबा खिडकीतून चोरून बघताहेत."

"मी सांगितलं का?"

"नाही. आरशात दिसलं."

"मग गणिताला आरसा कुठे असेल?"

आईने वही तिच्या मांडीवर ठेवली. पासष्टातून सदतीस, उत्तर बत्तीस. "पासष्टातून सदतीस काढून घेतलेस ना? मग काढलेले परत टाकून बघ. किती व्हायला हवेत?"

"पासष्ट." भिंगरी स्टिअरिंगवर वही टेकवून बेरीज करू लागली. ओठ हलत होते. आई खिडकीबाहेर बघत होती, आणि हो, श्वास चालू ठेवून. "बत्तीस आणि सदतीस... एकोणसत्तर." पोर ताडकन सरळ बसली. "आई! हे उत्तर खोटं बोलतंय!"

"पकडलंस?"

"मी पकडलं!" तिने पुन्हा वजाबाकी केली, अठ्ठावीस आले. परत टाकून पाहिलं, पासष्ट भरले. आणि तिने हॉर्न असा वाजवला की वरून शेजारच्या काकू ओरडल्या, "कोण गं ती कार्टी!"

त्यानंतरचे दिवस काही गुळाच्या पाकासारखे सरळ धारेने गेले नाहीत. भिंगरी कधी आरसा बघायला विसरे, कधी कंटाळून "झालं!" म्हणून वही आपटे. चुका पाचाच्या तीन झाल्या, पुन्हा चार झाल्या. जिथे जमेना तिथे ती गोल करून ठेवू लागली. हे कुणी शिकवलं नव्हतं. "हे बाईंना विचारायचे गोल आहेत," ती म्हणाली, "तुला नाही." उस्तादबाईने सही केली.

गाडीतही तिने रीत बदलली. शिंपीकाकांना मोकळ्या मैदानात नेलं, जिथे आपटायला काही नव्हतं, आणि सीटवर मांडी ठोकून बसली. काकांनी पहिल्या फेरीत एक रिकामं खोकं चिरडलं. "मॅडम, तुमचा गुडघा!" ते कळवळून म्हणाले. "गुडघा रजेवर आहे," ती म्हणाली. "पुढे बघा, काका, पुढे." आठवड्याभरात ते पुढे बघायला शिकले. बुधवारी चौथ्या ट्रायलला पास झाले आणि फोनवर एवढंच ओरडले, "साहेब बूट घालून आले होते की चप्पल, तेसुद्धा मला ठाऊक नाही!"

मग शुक्रवार उजाडला.

चाचणी सकाळी दहाला होती. दहाला उस्तादबाई एका नवशिक्या नर्सबाईंना चढावर गाडी धरायला शिकवत होती. शाळेवरून जाणारा रस्ता जवळचा होता. तिने लांबचा घ्यायला सांगितला. एकदा वाटलं, फाटकाशी नुसतं उभं राहावं, पोरीने खिडकीतून पाहिलं तर धीर येईल. दुसऱ्या क्षणी तिने स्वतःलाच झापलं. धीर कसला, ब्रेकच तो. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि नर्सबाईंना म्हणाली, "हळूहळू क्लच सोडा. गाडी मागे गेली तरी घाबरू नका. ती आपलीच आहे."

दुपारी शाळा सुटली तेव्हा बाई भिंगरीला घेऊन स्वतःच फाटकाशी आल्या होत्या. उस्तादबाईला वाटलं, झालं. मदतवर्ग.

बाईंनी चाचणीचा कागद तिच्या हातात दिला. दहाच्या दहा उत्तरं लिहिलेली. कोरी जागा एकही नाही. सात बरोबर, तीन चूक. चुकलेल्या तिनांपैकी दोनांभोवती गोल होते, भिंगरीच्या हातचे.

"मी वर्गात फिरत होते," बाई म्हणाल्या. "दोनदा मुद्दाम हिच्या शेजारी उभी राहिले. हिने मान वर केली नाही. ज्या दोन ठिकाणी अडलं, ती तिने स्वतःच दाखवून दिली आहेत. अशा मुलीला वेगळ्या खोलीत कशाला नेऊ? ती आपल्याच बाकावर राहील."

"म्हणजे मैत्रीण तीच?" भिंगरीने विचारलं.

"तीच. बोलणं कमी करायचं मात्र."

"आणि हे तिसरं?" उस्तादबाईने कागदावर बोट ठेवलं. "याला गोल नाही."

"ते मला बरोबरच वाटत होतं," भिंगरी ठामपणे म्हणाली. "अजून वाटतंय. आरशातसुद्धा बरोबर येतं."

बाई हसल्या आणि आत गेल्या. मायलेकी चालू लागल्या. कागद उस्तादबाईच्या हातात होता, आणि चूक कुठे आहे ते तिला एका नजरेत कळलं होतं. शाब्दिक उदाहरण. बाईंकडे अठ्ठेचाळीस पेन्सिली, त्यांतल्या एकोणीस मुलांना वाटल्या, किती उरल्या? पोरीने बेरीज केली होती, सदुसष्ट. बेरीज उलटी करून पाहिली तर अठ्ठेचाळीस येणारच. तिचं तोंड उघडलं.

भिंगरीने कागद ओढून घेतला. "सांगायचं नाही!"

"मी कुठे काय बोलले?"

"बोलणार होतीस. माझी चूक आहे, मी शोधणार." आणि ती तिथेच, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. कागद गुडघ्यावर, पेन्सिल दातात.

येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. उस्तादबाई दप्तर खांद्याला लावून उभी राहिली. समोर एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता, ती त्याच्याकडे बघू लागली. पहिल्यांदा नुसतं दाखवायला. मग खरंच बघू लागली. केवढा स्थिर हात होता त्याचा.

पायरीवरून पुटपुट ऐकू येत होती. "अठ्ठेचाळीस... एकोणीस... सदुसष्ट. बरोबर तर आहे." मग शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी आकडे नव्हे, शब्द. "बाईंकडे... पेन्सिली... त्यांतल्या... मुलांना वाटल्या." पुटपुट थांबली.

"अय्या!" भिंगरी खदखदून हसायला लागली. "आई, अगं, बाईंनी वाटून टाकल्या आणि मी त्यांच्याकडे वाढवल्या! अशा वाटल्या तर बाईंचं दुकान होईल पेन्सिलींचं!"

ती कागदावर वाकली. सदुसष्टावर एक रेघ मारली, खाली एकोणतीस लिहिलं, आणि एकोणतीसमध्ये एकोणीस टाकून पाहायला लागली. उस्तादबाई पाटीवाल्याकडेच बघत राहिली. त्याचं शेवटचं अक्षर अजून व्हायचं होतं.